मलिक अंबर : एका आयुष्याचा माग

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे एक पैंजण एकाच घरात तयार होत नाही. एका घरात चांदी आटवतात. दुसऱ्या घरात तिची तार ओढतात. तिसऱ्या घरात कड्या जोडतात, तर चौथ्या घरात घुंगरू बसवतात. मग कोठे पैंजणाला झळाळी येते. प्रत्येक घरी माल देताना आणि घेताना वजन होते आणि ते वहीत लिहिले जाते. एखाद्या पैंजणाचा प्रवास शोधायचा झाला, तर या साऱ्या वह्या शेजारी शेजारी मांडाव्या लागतात.

वस्तूची नोंद अशी वहीत सापडते. पण माणसाचे काय? ज्याचा जन्म कोणी लिहून ठेवला नाही, ज्याला लहान वयातच घरापासून तोडून परदेशात विकले गेले, अशा माणसाचे आयुष्य चारशे वर्षांनंतर कसे शोधायचे?

हा प्रश्न मला वर्गातील एका मुलाने विचारला होता. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा गुलाम होता, असे मी सांगत होतो. त्या मुलाने हात वर केला आणि विचारले, की गुलामाची गोष्ट लिहून ठेवायला कोण बसले होते? सारा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मलिक अंबरची सारी कहाणीच समोर येते.

मलिक अंबर केव्हा जन्मला हे आपल्याला त्याच्या मृत्यूच्या नोंदीवरून कळते. तो मे १६२६ मध्ये मरण पावला. त्या वेळी मुघल दरबारात मुअतमदखान नावाचा इतिहासकार होता. त्याने आपल्या फारसी ग्रंथात ही बातमी लिहिली आणि मरताना अंबर ऐंशीव्या वर्षात होता असेही लिहिले. आता थोडा हिशेब करू. अंबर वारला ते हिजरी साल १०३५ होते. त्यातून ८० वजा केले की ९५५ उरतात. हिजरी ९५५ म्हणजे इसवी सन १५४८. म्हणून इतिहासकार त्याचे जन्मसाल १५४८ च्या सुमाराचे मानतात. ज्याच्या जन्माची नोंद नाही, त्याचा जन्म असा उलट्या वाटेने शोधावा लागतो.

त्याचा जन्म हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. त्या देशातून आलेल्या लोकांना आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हणत. त्याचे लहानपणीचे नाव चापू होते. गरिबीमुळे आईवडिलांनी त्याला विकले असे काही जण मानतात, तर लढाईत पकडून त्याला गुलाम केले असे इतर काही मानतात. कसेही झाले असले, तरी त्या मुलाचे घर सुटले ते कायमचे. तो पुन्हा कधी आपल्या देशी परतला नाही.

त्याची पुढची नोंद सापडते ती किमतीच्या रूपात. तांबड्या समुद्राच्या काठी येमेन देशात मोखा नावाचे बंदर आहे. तेथील बाजारात त्याला विकण्यात आले. डच नाण्यांत ती किंमत ८० गिल्डर होती. ज्या मुलाच्या जन्माची तारीख कोणी लिहिली नाही, त्याची किंमत मात्र कागदावर राहिली. गुलामगिरी म्हणजे काय, हे एवढ्या एका गोष्टीवरून समजते.

मोख्याहून तो बगदादला गेला. तेथील एका व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. या मालकाला मुलाची हुशारी लक्षात आली. त्याने मुलाला लिहायला-वाचायला शिकवले. मुलाने इस्लाम धर्म स्वीकारला. मालकाने त्याला अंबर हे नवे नाव दिले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव आहे. त्या काळी गुलामांना अशी सुगंधांची नि रत्नांची नावे देण्याची रीत होती. नाव सुंदर होते, पण तेही मालकाने दिलेले होते.

सुमारे १५७० नंतर अंबर समुद्रमार्गे दख्खनमध्ये आला. तेव्हा अहमदनगरला निजामशाही होती. तिचा पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान, चंगेजखान हा होता. हा मंगोल बादशहा चंगीझखान नव्हे. हा स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामही होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. त्यांतच अंबरची भर पडली. येथे अंबरने दोन गोष्टी पाहिल्या. राज्याचा कारभार कसा चालतो हे त्याने जवळून पाहिले. आणि गुलाम म्हणून आलेला माणूस या मुलखात मुख्य प्रधान होऊ शकतो, हेही पाहिले.

सुमारे १५७५ मध्ये चंगेजखान मरण पावला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुन्हा पुन्हा विकला गेलेला हा माणूस आता स्वतःचा मालक झाला. त्याने लग्न केले. तो विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीला राहिला. तेथे त्याच्या हाताखाली थोडी फौज देण्यात आली आणि मलिक ही पदवीही मिळाली. चापूचा अंबर झाला होता, आता अंबरचा मलिक अंबर झाला.

१५९५ मध्ये तो सुमारे दीडशे स्वार बरोबर घेऊन अहमदनगरला परतला. ते दिवस मोठ्या संकटाचे होते. अकबर बादशहाच्या फौजा दख्खन जिंकायला आल्या होत्या. चांदबीबीने मोठ्या शौर्याने अहमदनगरचा किल्ला लढवला. पण निजामशाहीच्या सरदारांत एकी नव्हती. १६०० मध्ये चांदबीबीची तिच्याच लोकांनी हत्या केली. त्याच वर्षी किल्ला मुघलांच्या हाती गेला. लहान वयाचा निजामशहा बहादूर याला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. निजामशाही संपली, असे साऱ्यांना वाटले.

मलिक अंबरला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून काढले आणि परांडा किल्ल्यात मूर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले. आपली मुलगी त्याला दिली. स्वतः तो वजीर झाला. त्या वेळी अंबरचे वय पन्नाशीच्या पुढे होते. पुढची सव्वीस वर्षे तो मुघलांशी झुंजत राहिला. परांड्याहून राजधानी जुन्नरला गेली आणि १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच वर्षी त्याने अहमदनगरचा किल्लाही मुघलांकडून परत घेतला.

मुघलांची फौज मोठी होती. त्यांच्याजवळ हत्ती, तोफा आणि भरपूर खजिना होता. समोरासमोर लढून त्यांना हरवणे कठीण होते. म्हणून अंबरने गनिमी काव्याचा मार्ग धरला. त्याच्या सैन्यात हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे स्वार मोठ्या संख्येने होते. डोंगर, घाट आणि ओढे यांची मराठ्यांना चांगली माहिती होती. शत्रूची रसद तोडायची, रात्री अचानक छापा घालायचा आणि शत्रू सावध होण्याआधी डोंगरात नाहीसे व्हायचे, असे हे युद्ध होते. भोसले, जाधव यांसारखी घराणी त्या काळी निजामशाहीत होती. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीचेच सरदार होते आणि महाराजांचे वडील शहाजीराजे यांची तरुणपणची कामगिरी याच काळातील आहे.

या लढायांची माहिती आपल्याला बरीचशी त्याच्या शत्रूंकडून मिळते. जहांगीर बादशहाने आपले आत्मचरित्र लिहिले आहे. त्यात मलिक अंबरचा उल्लेख अनेकदा येतो. पण बहुतेक वेळा त्याच्या नावापुढे एखादी शिवी असते. त्याच्या काळ्या रंगाचीही निंदा असते. आपण हे वाचतो तेव्हा लिहिणारा कोण आहे, हे विसरता कामा नये. ज्याच्या फौजांना अंबर वर्षानुवर्षे दमवत होता, तोच हे लिहीत होता. रागावलेल्या माणसाच्या लेखणीतून आपल्याला अंबरचा स्वभाव कळत नाही. पण त्याची धास्ती किती होती, हे नक्की कळते.

जहांगिराच्या दरबारात अबुल हसन नावाचा नामवंत चित्रकार होता. त्याने सुमारे १६१६ मध्ये एक चित्र काढले. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या एका संग्रहात आहे. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. समोर भाल्यावर मलिक अंबरचे कापलेले डोके आहे आणि बादशहा त्यावर बाण मारीत आहे. चित्र अतिशय सुंदर आहे, पण खरे नाही. असे कधी घडलेच नाही. जहांगीर आणि अंबर यांची रणांगणावर कधी गाठ पडली नाही. चित्र काढल्यावर सुमारे दहा वर्षे अंबर जिवंत होता आणि अखेरीस वृद्धापकाळाने मरण पावला. बादशहाला जे रणात जमले नाही, ते कागदावर करून घेतले, एवढाच त्या चित्राचा अर्थ. म्हणून जुनी नोंद हाती आली, की ती लगेच खरी मानू नये. कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कशासाठी लिहिली, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

अंबर नेहमीच जिंकत होता असेही नाही. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मुघलांनी त्याचा मोठा पराभव केला. त्याने वसवलेले खडकी शहर मुघलांनी जाळले, उद्ध्वस्त केले. पुढच्या वर्षी त्याला तह करावा लागला आणि अहमदनगरचा किल्ला सोडावा लागला. त्याचे वय आता सत्तरीच्या घरात आले होते. दुसरा एखादा थकून बसला असता. अंबरने मात्र पुन्हा फौज जमवली आणि जळालेले शहर पुन्हा उभे केले.

याच पडत्या काळात त्याच्या छावणीत एक पाहुणा आला. त्याचे नाव पीटर व्हॅन डेन ब्रोके. हा डच व्यापारी होता. गुजरातच्या किनाऱ्याजवळ त्याची जहाजे फुटली होती. म्हणून आपली माणसे घेऊन तो जमिनीवरून पूर्व किनाऱ्यावरील मछलीपट्टणला निघाला होता. वाटेत १६१७ च्या नोव्हेंबरात तो मलिक अंबरला भेटला. त्याने रोजनिशीत अंबरचे वर्णन लिहिले आहे. उंच, धिप्पाड बांधा, करारी चेहरा. त्याच्या राज्यात चोरांना आणि दारुड्यांना कडक शिक्षा होत असे आणि वाटसरूला सोने घेऊनही निर्धास्त जाता येत असे, असे तो लिहितो. चापू हे बालपणीचे नावही आपल्याला या रोजनिशीतूनच मिळते. ना दरबारी स्तुती, ना शत्रूचा राग. वाटेवरच्या एका परक्या माणसाने पाहिलेले आणि ऐकलेले लिहिले, म्हणून ते नाव चारशे वर्षे टिकले.

१६२४ मध्ये मलिक अंबरने आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई जिंकली. मुघल आणि आदिलशहा या दोघांच्या फौजा एकत्र होऊन त्याच्यावर आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे तलावाच्या काठी त्यांचा तळ पडला. अंबरच्या माणसांनी तलावाचे पाणी सोडले. सगळीकडे चिखल झाला. शत्रूच्या तोफा आणि जनावरे त्यात रुतली. मग रात्रीचे छापे सुरू झाले आणि शेवटी दोन्ही फौजांचा धुव्वा उडाला. या लढाईत शहाजीराजांनी मोठा पराक्रम केला. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले. या लढाईचे वर्णन शिवभारत या संस्कृत ग्रंथात आहे. कवींद्र परमानंदांनी तो शिवाजी महाराजांच्या काळात लिहिला. त्यात मलिक अंबरचे शौर्य गौरवाने सांगितले आहे. फारसी ग्रंथ, डच रोजनिशी आणि संस्कृत काव्य, अशा तीन भाषांत एकाच माणसाचा माग लागतो.

पण मलिक अंबर केवळ लढवय्या नव्हता. सततच्या युद्धांनी मुलूख उजाड झाला होता. शेतकऱ्यांची पिळवणूक होत होती. सरकार एखाद्या गावाचा सारा वसूल करण्याचा ठेका देई आणि ठेकेदार रयतेकडून हवे तेवढे उकळी. अंबरने ही ठेक्याची पद्धत बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली. प्रत्यक्ष पीक किती येते हे पाहून त्यावर सारा बसवला. चांगल्या जमिनीला जास्त आणि हलक्या जमिनीला कमी. वसुलीच्या कामात गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना जबाबदार धरले. शेतकऱ्याला आपल्याला किती द्यायचे आहे हे आधीच कळू लागले. मग ओसाड गावे पुन्हा वसू लागली.

ही पद्धत त्याच्या मृत्यूनंतरही लोकांच्या स्मरणात राहिली. नंतरच्या काळातील मराठी महसुली कागदांत मलिकंबरी धारा असा शब्द येतो. धारा म्हणजे शेतसारा. ज्याला लोक बाजारात नाण्यांनी मोजत होते, त्याचे नाव पुढे न्याय्य सारा मोजण्याच्या रीतीला मिळाले.

त्याचे दुसरे मोठे काम म्हणजे खडकी शहर. दौलताबादजवळ खडकी नावाचे लहानसे खेडे होते. १६१० मध्ये अंबरने तेथे नवे शहर वसवायला सुरुवात केली. मशिदी, वाडे, बाजार आणि रस्ते बांधले. मराठा सरदारांच्या नावांनी तेथे पुरे वसले. त्याने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. अंबरच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले. औरंगजेबाने १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद केले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले.

या शहराला पाणी कमी पडे. अंबरने शहराच्या उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी शोधले. ते भुयारी नळातून शहरात आणले. यासाठी मोट नको, बैल नकोत. जमिनीला उतार असा साधला होता, की पाणी आपोआप वाहत येई. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी विटा-चुन्याचे उंच बंबे बांधले. या योजनेला नहरे अंबरी म्हणतात. ती सुमारे १६१७ मध्ये बांधली गेली. म्हणजे रोशनगावचा पराभव आणि शहराचा विध्वंस होऊन जेमतेम वर्ष झाले होते. ज्या वर्षी तो हरला होता, त्याच सुमारास तो लोकांसाठी पाणी शोधत होता. या नहरीचे पाणी पुढे शेकडो वर्षे शहराने वापरले. तिचे अवशेष आजही पाहायला मिळतात.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. दौलताबादजवळ खुलदाबाद येथे त्याची कबर आहे. तिच्याजवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही कबर आहे. त्याच्यामागे निजामशाही फार काळ टिकली नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. तेवढी वर्षे ती एका माणसाच्या बळावर उभी होती, हे त्यावरून कळते.

त्याच्या मृत्यूची बातमी मुघल दरबारात पोहोचली, तेव्हा मुअतमदखानाने ती लिहून घेतली. हा माणूस शत्रूच्या दरबारातील. आयुष्यभर अंबरची निंदा ज्या दरबारात झाली, तेथेच तो बसला होता. पण या वेळी त्याच्या लेखणीतून शिवी उतरली नाही. युद्धात, कारभारात आणि शहाणपणात अंबरची बरोबरी करणारा कोणी नव्हता, असे त्याने लिहिले. तो अखेरपर्यंत सन्मानाने जगला आणि हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, असेही लिहिले. शत्रूने दिलेली ही साक्ष फार मोलाची आहे. मित्राची स्तुती आपण थोडी बाजूला ठेवतो, शत्रूची स्तुती मात्र ठेवता येत नाही.

आता वर्गातील त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गुलामाची गोष्ट कोणी लिहिली? विकत घेणाऱ्यांच्या जगाने त्याची किंमत लक्षात ठेवली. शत्रूने त्याला शिव्या दिल्या आणि शेवटी त्याचे मोठेपणही मान्य केले. वाटसरूने त्याचे नाव टिपून ठेवले. कवीने त्याचे शौर्य सांगितले. या साऱ्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या, म्हणजे हबशाणातून निघालेला चापू दख्खनच्या मातीत मलिक अंबर कसा झाला, हे दिसते.

मात्र त्याची सर्वांत खरी नोंद कोणत्याही दरबारात लिहिली गेली नाही. ती शेतकऱ्याच्या साऱ्यात होती, दरवाजाच्या दगडात होती आणि जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यात होती. जन्मभूमी त्याच्याकडून हिरावून घेतली गेली. तरी ज्या भूमीने त्याला आपले म्हटले, तिला त्याने शहर दिले, पाणी दिले आणि न्याय दिला. माणूस कोठे जन्मला आणि कितीला विकला गेला, हे कागद सांगतात. तो कोण होता, हे त्याचे काम सांगते.